अर्धाच तळ

रविवार. ओस्त्रावा. लिफ्ट पुन्हा बंद.
तरी ती सहा मजले चढून येते,
खालच्या व्हिएतनामी दुकानातली पोर,
घरी थुई, शाळेत तेरेझ्का,
माझ्याकडे नुसतीच "ए मुली".

बाह्या वर कर. कोपराच्याही वर.
साबण लावून आलीस? मग परत धू,
नुसत्या पाण्यानं, वास जाईपर्यंत.
माशांना आपली स्वच्छता मानवत नाही.

नळीचं बारीक टोक बादलीत.
रुंद तोंड खडीत खुपस, पार काचेला टेकेल असं.
आता ओढ, आणि पाणी ओठांशी यायच्या आत
सोड.
पूर्वी मी ओढायचो, एका दमात.
गेल्या हिवाळ्यापासून पाणी
अर्ध्या नळीपर्यंत चढतं आणि माघारी फिरतं.
मासे बघत असतात.

बघ कसे उठले खडे!
गिरक्या घेतात, एकमेकांवर आदळतात,
जड ते खाली येतं, हलकं ते वर निघून जातं:
विष्ठा, कुजकं पान, न खाल्लेला दाणा,
सगळ्याचा तपकिरी धूर होऊन बादलीत.
घाई नको. नळी चिमटीत धर,
खडे बसू देत, मग बोटभर पुढे सरक.

हे विकतचे नाहीत.
नदीच्या वळणावरून सायकलवर आणले, तीन पिशव्या.
एकेकावर व्हिनेगरचा थेंब टाकून पाहिला,
फेसाळला तो खिडकीबाहेर;
चुनखडी पाण्यातही आपला स्वभाव सोडत नाही.
उरलेले बटाट्यांच्या पातेल्यात उकळले.
ब्लाझेना आठवडाभर बोलली नाही,
पातेलं मात्र तिनंच घासलं.

एकतीस वर्षं मी दगडाच्या पोटात होतो.
दगड पडायचा आवाज कानांना पाठ आहे.
हे पडतात तेव्हा
टेबलावर साखर सांडल्यासारखं वाजतं.
दचकावं लागत नाही.

थांब. त्या लाकडापर्यंतच.
पलीकडचं पुढच्या रविवारी.

"पण आजोबा, जास्त घाण तर तिकडेच आहे!"

असू दे. तिथे कुणीतरी राहतं,
आपल्याला न दिसणारं,
माशांचं विष खाऊन जगणारं.
एकदा मी सगळी खडी उपसली होती.
ब्लाझेनाला हॉस्पिटलात ठेवलं होतं,
हातांना काहीतरी हवं होतं.
बेसिनमध्ये गरम पाण्यानं धुतली, लख्ख,
रात्री दोन वाजेपर्यंत.
चौथ्या दिवशी पाणी दुधाळ.
सातव्या दिवशी निऑन, एकेक, पोट वर करून.
ती घरी आली, टाकीपुढे उभी राहिली,
म्हणाली, किती स्वच्छ दिसतंय रे.

दर सहा महिन्यांनी डॉक्टर
माझ्या छातीचा फोटो उजेडावर धरतो.
कोळसा त्यात पांढरा दिसतो.
हे मला अजून पटलेलं नाही.

ती पलीकडची बादली आण, रात्रभर ठेवलेली.
आत बशी धर, बशीवर ओत,
धार खडीवर पडली तर पुन्हा खड्डा.
असं. हात भरून आला? बदल हात.
मीही बदलायचो.

मळकं पाणी मोरीत नको ओतूस.
खाली ने, आईच्या कोथिंबिरीला घाल,
तिला विचार, मागच्या खेपेला पानं रुंद झाली की नाही.
जिन्यात सांडू नकोस,
तिसऱ्या मजल्यावरची बाई मलाच बोलते.

ती गेली. पायऱ्यांवर बादलीची कडी वाजते आहे,
पाचवा,
चौथा.

टाकीत कोरी मासा खाली उतरलाय,
मिशांनी नवा तळ उकरून बघतोय.
इकडे उकरतो, तिकडे उकरतो,
काही मिळत नाही.
मग लाकडाला वळसा घालून
पलीकडच्या अर्ध्यात जातो.